गच्चीवरचं बोलणं

अभिमन पाटलांच्या घरी बिनतारेचा फोन आला तेव्हा जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या कॉलनीत साधा फोनसुद्धा दोन-चार घरांतच होता. त्यांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा, भाचा मस्कतला नोकरीला होता. त्यानं सुट्टीवर येताना मावशीला साडी, तिच्या मुलीला, कोकिळाला, अत्तर आणि काकांना हा फोन आणला. काळा, जाडसर, वरून लांब एरियल ओढून काढायची. एक भाग बैठकीत टेबलावर बसवायचा आणि दुसरा हातात घेऊन पाहिजे तिथं फिरायचं. पहिल्या दिवशी शेजारच्या बेबाबाई तो पाहायला आल्या तेव्हा अभिमननी तो हातात घेऊन थेट गच्चीवर जाऊन दाखवलं आणि तिथून धुळ्याला भावाला फोन लावला.

"तार नाही, काही नाही," ते खाली येऊन म्हणाले. "आता सांगा, शास्त्र कुठं चाललंय."

अभिमनचं नेरी नाक्याजवळ पाइप आणि मोटारपंपाच्या सामानाचं दुकान होतं. रावेर-यावलकडचे केळीवाले शेतकरी त्यांचं गिऱ्हाईक. माणूस बोलका, खाण्याचा शौकीन. हिरव्या मिरचीचा ठेचा नसेल तर भाकरी उतरायची नाही, आणि जेवण झालं की तंबाखूची चिमूट. तरुणपणापासूनची सवय. वच्छलाबाई तिच्यावरून भांडून भांडून थकल्या होत्या.

त्या वर्षी कोकिळाचं लग्न ठरलं. मुलगा बोदवडचा, बँकेत लागलेला, घरी कापसाची शेती. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली. घरात साड्या, भांडी, आहेर याशिवाय बोलणं नव्हतं. त्यामुळे अभिमन संध्याकाळी फोन घेऊन गच्चीवर जायचे, बराच वेळ धुळ्याच्या निंबाशी, धाकट्या भावाशी बोलायचे, तेव्हा वच्छलाबाईंना त्यात वावगं काही वाटलं नाही. लग्नाचंच काहीतरी असेल. खाली कोकिळाच्या मैत्रिणी असतात, टीव्ही चालू असतो, कुकरच्या शिट्ट्या असतात. वर निवांत बोलता येतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली होती. नवऱ्यानं ठेचा सोडला होता. "पित्त वाढलंय," ते म्हणाले. मग भाजीतलं तिखट कमी झालं. मग भाकरी दुधात कुस्करून खाणं सुरू झालं. श्रावणात कानबाई देवीच्या रोटाच्या दिवशी निंबा बायकोमुलांसह आला होता. रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, घरातच संपवायचे असतात, उरवायचे नसतात, म्हणून सगळे पोट फुटेस्तोवर खात होते, आणि अभिमननी आपली पुरणपोळी दुधात भिजवून एकेक घास चघळत तासभर लावला. नंतर दोघे भाऊ गच्चीवर गेले. खाली आले तेव्हा निंबाचे डोळे लाल होते. "गच्चीवर धूळ फार," तो म्हणाला.

आणखीही एक गोष्ट होती, पण तिचा अर्थ वच्छलाबाईंनी भलताच लावला. शेजारपाजारच्या बायका एकाएकी फार चांगलं वागायला लागल्या होत्या. बेबाबाई आठवड्यातून दोनदा पातळ खिचडी पाठवायच्या. समोरच्या ताईबाई, ज्या नळाच्या पाण्यावरून वर्षभर बोलत नव्हत्या, त्यांनी स्वतःहून विचारलं, "रॉकेल आणायचं असेल तर माझ्या मुलाला सांगा, तुम्ही कशाला रांगेत उभ्या राहता?" कोपऱ्यावरच्या हुस्नबानो, नूर महंमद टेलरची बायको, खिरीचं भांडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाईसाहेबांसाठी आहे. मऊ आहे, त्रास नाही होणार."

घरात लग्न आहे म्हणून लोक माया करतात, असं वच्छलाबाईंना वाटलं. त्यांनी कोकिळाला म्हटलंसुद्धा, "बघ, माणसं जोडून ठेवली की अशी वेळेला येतात."

कानबाई होऊन आठवडाही झाला नसेल. संध्याकाळची वेळ होती. दूध तापवून झालं आणि घरात विरजणाला दही नाही असं वच्छलाबाईंच्या ध्यानात आलं. अभिमन गच्चीवर फोनवर होते. कोकिळा ब्लाउज शिवायला टाकायला गेली होती. वाटी घेऊन त्या बेबाबाईंकडे निघाल्या. दोन्ही घरांच्या मधे फक्त एक कुंपणाची भिंत, आणि त्या भिंतीला बायकांच्या जाण्यायेण्यासाठी ठेवलेली फट. मागच्या दारानं जायची त्यांची रोजची रीत होती. आवाज द्यायचीही गरज नसायची.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. पुढच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता, पण टीव्हीचा उजेड हलत होता. बेबाबाईंचा टीव्ही जुना, काळापांढरा, खटखट फिरवायच्या बटणाचा. केबल त्यांनी घेतली नव्हती. वच्छलाबाई दारात आल्या. पडद्यावर चित्र नव्हतं, नुसत्या पांढऱ्या मुंग्या. आणि त्याच्यासमोर चटईवर बेबाबाई, ताईबाई आणि हुस्नबानो बसलेल्या होत्या. तिघींची पाठ दाराकडे होती. खरखरीतून एका पुरुषाचा आवाज येत होता. कुठलं तरी नाटक असेल, असं त्यांना क्षणभर वाटलं.

"...तो पण तेच बोलला. म्हणे, गालाच्या आतून जबड्यापर्यंत गेलंय. महिन्याच्या आत ऑपरेशन करा म्हणतो."

मग तो माणूस खाकरला. ते खाकरणं वच्छलाबाई लग्न झाल्यापासून रोज सकाळी ऐकत आल्या होत्या.

"मग जाऊ ना दादा, मुंबईला. मी रजा टाकतो." हा दुसरा आवाज बारीक होता, लांबून आल्यासारखा. निंबाचा.

"नाही. कोकिळाचं लग्न होऊ दे. कॅन्सर म्हटलं की बोदवडवाले दारातून परत फिरतील. आणि तुझ्या वहिनीला हे कळलं तर ती एक दिवस गप्प बसू शकणार नाही. तुला आईची शपथ घातलीय निंबा, लक्षात ठेव."

वच्छलाबाईंच्या हातातली वाटी पडली नाही, काही नाही. त्या तशाच उभ्या होत्या. आपला नवरा आपल्या घराच्या गच्चीवर आहे हे त्यांना माहीत होतं, आणि तो इथं या डब्यातून बोलत होता, हे डोक्यात शिरत नव्हतं. त्याहून, तो जे बोलला ते शिरत नव्हतं. यातलं आधी कशाला घाबरावं तेच कळेना.

हुस्नबानोंनी पदरानं डोळे पुसले आणि वळून पाहिलं. त्यांनी ताईबाईंच्या दंडाला हात लावला. मग तिघींनी पाहिलं. बेबाबाई उठल्या आणि घाईनं टीव्हीचं बटण दाबलं. खोलीत अंधार झाला.

"वच्छलाबाई," बेबाबाई म्हणाल्या. त्या मूळच्या साक्रीकडच्या, घाबरल्या की माहेरची बोली तोंडात यायची. "आपोआप लागस ते. आम्ही मुद्दाम नही लावतस, बाई."

वच्छलाबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

ताईबाईंनी चटई गुंडाळायला घेतली.

"कधीपासून ऐकताय?"

"फोन आला तेव्हापासून," हुस्नबानो हळूच म्हणाल्या. "पहिल्यांदा गंमत वाटली. भाईसाहेब दुकानाचं बोलायचे, पाइपचे भाव सांगायचे, आम्ही हसायचो. मग एक दिवस हे... मी म्हटलं होतं यांना, सांगून टाकू या. अल्लाची शपथ, मी म्हटलं होतं."

"मग का नाही सांगितलं?"

"तुमले कसं सांगतूत, बाई?" बेबाबाई म्हणाल्या. "सांगितलं असतं तर तुम्ही पहिलं विचारलं असतं, तुला कसं कळलं."

वच्छलाबाईंना खिचडीची भांडी आठवली. रॉकेल आठवलं. ती माया लग्नघरावरची नव्हती. या तिघींनी त्यांच्या कपाळाकडे पाहून केलेली ती दया होती, आणि वच्छलाबाई एकट्याच हसत, सगळ्यांना साड्या दाखवत फिरत होत्या.

"अजून कोणाला माहीत आहे?"

"गल्लीमा बठ्ठासले माहीत शे, सगळ्यांना," बेबाबाई खाली मान घालून म्हणाल्या.

त्या घरी आल्या. अभिमन जिना उतरत होते. हातात तो फोन होता, एरियल अजून बाहेर काढलेली. चेहरा अगदी नेहमीचा.

"कुठं गेली होतीस?"

"विरजण आणायला."

"मग?"

वच्छलाबाईंनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं. "नव्हतं त्यांच्याकडे."

त्या रात्री त्यांनी नवऱ्याला दूधभात वाढला आणि तो कसा खातो ते पहिल्यांदा नीट पाहिलं. तो डाव्या बाजूनं चावतच नव्हता. पाणी पिताना मान किंचित वाकडी करत होता. हे महिनाभर आपल्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि आपण त्याला पित्ताचं चूर्ण देत होतो. समोर कोकिळा बसली होती, मुंडावळ्या कशा घ्यायच्या ते बोलत होती. नवऱ्यावर वच्छलाबाईंचा विश्वास राहिला नव्हता. आता तोंड उघडलं तर तो हसून उडवून लावेल, उद्या निंबाला आणखी एक शपथ घालेल, आणि हे पुन्हा झाकलं जाईल. ज्याच्याकडे खरं आहे त्याच्याकडूनच ते आधी घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

सकाळी नणंदेच्या साडीचं निमित्त सांगून त्या धुळ्याच्या एसटीत बसल्या. पारोळा गेलं, फागणं गेलं, त्यांना काही दिसलं नाही. बसमध्ये कोणी दोन माणसं हळू बोलायला लागली की त्या मान वळवून पाहायच्या.

निंबा देवपुरात राहायचा. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचा, दुपारची शाळा होती, म्हणून घरीच सापडला. वहिनी एकट्या आलेल्या पाहून तो दारातच थबकला.

"वहिनी? सगळं ठीक आहे ना?"

"तुमच्या दादाला कॅन्सर आहे," वच्छलाबाई चप्पल न काढताच म्हणाल्या. "गालाच्या आत. जबड्यापर्यंत गेलाय. महिन्यात ऑपरेशन करायला सांगितलंय आणि तुम्ही दोघं ते लग्नापर्यंत लपवणार आहात. आता पुढचं तुम्ही सांगा, भाऊजी."

निंबानं भिंतीला हात टेकला. "दादानं सांगितलं?"

"नाही. मी टीव्हीवर ऐकलं."

निंबा त्यांच्याकडे पाहत राहिला. धक्क्यानं वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला असं त्याला वाटलं हे त्याच्या नजरेत सरळ दिसत होतं. त्यानं बायकोला पाणी आणायला सांगितलं, वहिनींना खुर्चीवर बसवलं.

"वहिनी, शांतपणे सांगा. टीव्हीवर म्हणजे काय?"

"बेबाबाईंच्या टीव्हीवर. काल संध्याकाळी. तुम्ही म्हणालात, मी रजा टाकतो. ते म्हणाले, आईची शपथ घातलीय. शब्दन्‌शब्द. तीन बायका बसून ऐकत होत्या."

निंबा खाटेवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"लहरी," तो म्हणाला. "त्या फोनला तार नाही म्हणजे आवाज हवेतून जातो, वहिनी. रेडिओसारखा. रेडिओ सगळ्यांना ऐकू येतो, मग हाही येणारच. ज्याच्या टीव्हीचं बटण त्या जागी लागेल त्याला येणार. मी पोरांना हेच शिकवतो. फळ्यावर चित्र काढून शिकवतो. आणि दादा गच्चीवरून बोलायचा तेव्हा माझ्या मनात एकदाही आलं नाही. मी नुसता म्हणायचो, वा, आवाज किती स्वच्छ येतोय."

मग त्यानं सगळं सांगितलं. आधी दाताच्या डॉक्टरनं पाहिलं, त्यानं मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं, तुकडा काढून तपासायला मुंबईला गेला, रिपोर्ट आला. दादानं तो दुकानातच ठेवलाय. लग्नापर्यंत थांबलं तर काय होईल, असं निंबानं एका ओळखीच्या डॉक्टरला विचारलं होतं. तो डॉक्टर म्हणाला होता, मग लग्नात बाप असेल, पण पुढच्या दिवाळीला नसेल.

"हे तुम्हाला माहीत होतं," वच्छलाबाई म्हणाल्या.

"होतं."

"आणि तुम्ही शपथ पाळत बसलात."

निंबानं शाळेत निरोप पाठवला, पिशवीत दोन कपडे टाकले आणि तो वहिनींबरोबर निघाला.

जळगावला उतरून दोघं घरी गेलेच नाहीत, सरळ दुकानात गेले. दुकानात वच्छलाबाई पूजेशिवाय कधी पाय ठेवत नसत. भर दुपारी बायको आणि भाऊ एकत्र समोर पाहून अभिमन गल्ल्यावरून उठले. गिऱ्हाईक नव्हतं. निंबानं शटर अर्धं खाली ओढलं.

"काय झालं? कोकिळा बरी आहे ना?"

"कोकिळा बरी आहे," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुम्ही तोंड उघडून दाखवा."

अभिमननी आधी भावाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत संताप उतरला. "निंबा. आईची शपथ घातली होती तुला."

"दादा, मी नाही सांगितलं."

मग निंबानं शांतपणे, एकेक गोष्ट सांगत, फोन आणि टीव्हीचं समजावून सांगितलं. अभिमनना ते लगेच पटलं नाही. ते हसायलाही लागले. "काहीतरी सांगू नकोस. माझा फोन, माझी गच्ची." तेव्हा वच्छलाबाईंनी काल ऐकलेलं बोलणं त्यांना म्हणून दाखवलं. शब्द तेच, मधलं खाकरणंसुद्धा.

अभिमन पाइपच्या गुंडाळीवर बसले. त्यांना आजाराचं काही वाटत नव्हतं, तो त्यांच्या ओळखीचा झाला होता. त्यांच्या तोंडावर दुसरंच काहीतरी उमटत होतं. ते मागचे दिवस आठवत होते. काय काय बोललो, कोणाबद्दल बोललो, कुठं रडलो.

"रोट झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी," ते निंबाला म्हणाले, "मी गच्चीवर... तेव्हाही?"

निंबानं खाली पाहिलं. त्या दिवशी दादा फोनवर लहान मुलासारखा रडला होता, मला मरायची भीती वाटते असं म्हणाला होता. हे त्या दोघांशिवाय कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"मी रोज त्या उखर्डूला राम राम करतो," अभिमन म्हणाले. उखर्डू म्हणजे बेबाबाईंचा नवरा. "तो मला परवा म्हणाला, पाटील, धीर धरा, सगळं नीट होईल. मला वाटलं लग्नाबद्दल म्हणतोय."

बाहेरून कोणीतरी शटर वाजवून गेलं. वच्छलाबाई म्हणाल्या, "आपण मुंबईला जातोय. लग्न राहिलं तर राहील."

"बोदवडवाल्यांना आधी मी सांगेन," अभिमन म्हणाले. "त्यांना गल्लीतून कळायला नको. एवढं तरी माझ्या तोंडानं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं तिघं बोदवडला गेले. स्टेशनपासून घर जवळच होतं. मुलाचे वडील झुलाल आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी पाणी दिलं, चहा सांगितला, गाडी वेळेवर होती का विचारलं. अभिमननी चहाचा कप हातात घेतला नाही. ते सरळ म्हणाले, "आबा, मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. मला तोंडाचा कॅन्सर निघालाय. ऑपरेशनला मुंबईला जातोय. तुम्हाला सोयरीक मोडायची असेल तर मी दोष देणार नाही."

झुलाल आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आम्हाला माहीत आहे, पाटील."

"कसं?" अभिमननी विचारलं.

"तुमच्या समोर राहतात त्या ताईबाई, त्यांची बहीण आमच्या मागच्या गल्लीत दिलेली आहे. नागपंचमीलाच आमच्या कानावर आलं."

वच्छलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. नागपंचमी. म्हणजे रोटांच्याही आधी. ज्यांच्यापासून लपवायचं म्हणून हा माणूस जबड्यातली आग दुधावर विझवत बसला, एकेक आठवडा मरणाला देत राहिला, ते सगळं जाणून होते. ते दिवस फुकट गेले होते. ते कोणासाठीच गेले नव्हते.

"मग तुम्ही..." अभिमन म्हणाले. "तुम्ही काही बोलला नाहीत."

"काय बोलणार?" आबा म्हणाले. "घरात रोज वाद व्हायचा. आमची मंडळी म्हणायची, ते लपवतात, उद्या आणखी काय लपवतील? पोरगा म्हणाला, मुलीचा काय दोष? मला तुमचा राग आला होता, खोटं नाही सांगत. पण तुम्हाला विचारायचं कसं? दुसऱ्याचं चोरून ऐकलेलं आम्ही कान लावून ऐकलं होतं. कोणत्या तोंडानं विचारणार? म्हटलं, वाट पाहू. सांगितलं तर ठीक. पोळ्यापर्यंत नाही सांगितलं तर सोयरीक मोडायची, असं ठरलं होतं आमचं."

आतून आबांची बायको दारात येऊन उभी राहिली होती. ती वच्छलाबाईंना म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं ना, विहीणबाई?"

"नाही," वच्छलाबाई म्हणाल्या. "मला परवा कळलं. सगळ्यांच्या शेवटी."

ती बाई पुढे आली आणि तिनं त्यांचा हात धरला. लग्नाची तारीख तीच राहील, खर्च कमी करू, असं तिथल्या तिथं ठरलं. पण परतीच्या गाडीत अभिमन खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि मधेच एकदा म्हणाले, "मी कोणाला वाचवत होतो?"

कोकिळाला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती रडली, मग चिडली, मग म्हणाली, तो फोन आधी फेकून द्या. कॉलनीत तोवर वेगळीच अफवा उठली होती. त्या फोनच्या किरणांनीच पाटलांच्या गालात रोग झाला, आता तो आजूबाजूच्या घरांतही शिरणार. पेपरात कुठंतरी तसं आलंय, असं कोणी कोणी सांगत होतं. ताईबाईंनी आपल्या मुलांना पाटलांच्या गच्चीच्या बाजूला खेळायला मनाई केली. वच्छलाबाईंनाही ती भीती चिकटली. मुंबईच्या डॉक्टरला त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. डॉक्टरनं अभिमनला विचारलं, तंबाखू किती वर्षांची? आणि फोन कधीचा? उत्तरं ऐकून तो एवढंच म्हणाला, "बाई, फोनला कशाला दोष देता?"

ऑपरेशन झालं. डाव्या जबड्याचा तुकडा काढावा लागला, गालाला मांडीची कातडी लावली. आणखी उशीर केला असता तर आम्ही हात लावला नसता, असं डॉक्टर म्हणाला. मग किरणांचा शेक घ्यायला दीड महिना मुंबईतच एका नातेवाइकाकडे राहावं लागलं. निंबानं बिनपगारी रजा काढली होती.

ते परत आले तेव्हा लग्न तोंडावर आलं होतं. भाच्यानं आणलेला फोन कोकिळानं आधीच खोक्यात घालून माळ्यावर टाकला होता आणि जुना, तारेचा फोन बैठकीत आला होता. तो वाजला की घरातली माणसं एकमेकांकडे पाहायची. उचलून बोलताना आवाज आपोआप बारीक व्हायचा, तारेतून कोणाला ऐकू जात नाही हे माहीत असूनही. वच्छलाबाई स्वयंपाकघरात मुलीशी बोलतानाही खिडकी लावून घ्यायला लागल्या. भिंतीतली ती फट त्यांनी विटा लावून बुजवून घेतली.

लग्नाला सगळी कॉलनी आली. अभिमन गळ्याला आणि गालाला उपरणं गुंडाळून मांडवात बसले होते. कन्यादान त्यांनीच केलं. हुस्नबानोंनी दोन दिवस आधीपासून येऊन नवरीचे कपडे टाचून दिले. बेबाबाई मात्र मांडवाच्या कडेला उभ्या होत्या, जेवायलाही बसत नव्हत्या. मुलीची पाठवणी झाल्यावर वच्छलाबाई स्वतः त्यांच्याकडे गेल्या.

"जेवून घ्या, बेबाबाई."

"तुम्ही माझ्याशी बोलत नाही," बेबाबाई म्हणाल्या. "मी दहा वर्षं तुमच्या घरात येते. मी टीव्ही विकून टाकला, माहितीये?"

"माहितीये."

"मी काय करायला पाहिजे होतं, ते तरी सांगा."

वच्छलाबाईंनी विचार केला. हा प्रश्न त्यांनी मुंबईत दवाखान्याच्या बाकावर बसून स्वतःलाही विचारला होता.

"तुम्ही ऐकत होतात म्हणून मला कळलं, आणि कळलं म्हणून ते जिवंत आहेत," त्या म्हणाल्या. "हे मी खोटं म्हणणार नाही. पण तुम्ही सांगितलं नाही, बेबाबाई. ते मला अपघातानं कळलं. मला त्या दिवशी विरजण घरातच सापडलं असतं तर तुम्ही अजूनही ऐकतच बसला असतात. जेवून घ्या. पंगत उठेल."

बेबाबाई जेवल्या. दोघी आता रस्त्यात भेटल्या की बोलतात, तब्येत विचारतात, पण फाटकाच्या आत कोणी येत-जात नाही.

अभिमनचं बोलणं हळूहळू समजण्यासारखं झालं. दुकानात ते जाऊ लागले, गिऱ्हाइकाला भाव कागदावर लिहून द्यायचे. फोनवर मात्र ते कधीच बोलले नाहीत. गच्चीवरही गेले नाहीत. लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी जेवताना, त्यांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, "मी रडलो ते किती जणांनी ऐकलं असेल?"

वच्छलाबाईंना माहीत होतं. हुस्नबानोंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. ते रडले त्या दिवशी बेबाबाईंच्या खोलीत बसायला जागा नव्हती, माणसं दारापर्यंत उभी होती.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं नाही."

अभिमननी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ते खरं वाटलं की नाही, कळलं नाही. त्यांनी भात दुधात कालवला आणि उजव्या बाजूनं सावकाश चावायला सुरुवात केली.